गुलाबाच्या वासाचं टेबल

“आधी नाकाला विचारा, मग मला.”

वजनबाईंचं हे वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. नुकतं बोलायला लागलेलं मूलही ‘आई’, ‘बाबा’ या शब्दांपाठोपाठ तेच शिकायचं. बाई दवाखान्यातल्या फिरत्या नर्स. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लटकता काटा, काट्याला अडकवायची मऊ झोळी आणि एक जाडजूड वही. तीस वर्षं त्या घरोघर फिरून तान्ह्या मुलांची वजनं करत आल्या होत्या. त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपुस्तकात असेल, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नव्हती.

गरोदर बाईच्या घरी त्या गेल्या की दारातच थांबायच्या, डोळे मिटायच्या आणि दोन लांब श्वास घ्यायच्या. घरातली माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची. मग बाई डोळे न उघडताच बोट दाखवायच्या. डास मारायचं औषध त्या कोपऱ्यात आहे, ते बाहेर. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत, त्याही बाहेर. पलंगाखाली रंग पातळ करायच्या तेलाची बाटली आहे, ती कुणी ठेवली? घरधनी मान खाली घालायचा. पोटातल्या जीवाला दार नसतं, बाई समजावून सांगायच्या. आई जे हुंगते, खाते, अंगाला लावते, त्यातलं बरंच काही पाहुण्यासारखं न विचारता त्याच्यापर्यंत जातं. तेवढं सांगून झालं की चहा न घेता निघायच्या, कारण चहाच्या वाफेने नाक बिघडतं असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा एका सुताराने नातवाच्या स्वागताला पाळणा केला आणि त्याला निळा रंग दिला. बाळंतपणाला महिना होता. बाईंना तो पाळणा गल्लीच्या तोंडाशीच कळला. त्या तरातरा आत गेल्या आणि पाळणा रस्त्यावर काढायला लावला. रंगाचा वास उडून जाईपर्यंत आत आणायचा नाही. सुताराला राग आला, पण सुनेने नाकाला विचारलं होतं आणि नाक बाईंच्या बाजूने होतं. पाळणा चाळीस दिवस रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. सायकलवाले त्याला वळसा घालून जायला लागले. एक निवृत्त मास्तर त्यात रोजचं वर्तमानपत्र ठेवायचे. भांडणारी माणसं पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहून, त्याला झोका देत भांडायची, आणि त्यामुळे भांडणं लवकर निवायची. शेवटी पाळणा आत गेला तेव्हा गल्ली चुकल्याचुकल्यासारखी झाली. मास्तर आठवडाभर वर्तमानपत्र हातात धरून फिरत होते.

अशा बाईंच्या घरात एक मुलगी सून म्हणून आली. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूने तिची पेटी हुंगली आणि तिच्या आईने मायेने घातलेल्या डांबराच्या गोळ्या अंगणात टाकल्या. सुनेने ते मनाला लावून घेतलं नाही. या घरातल्या तऱ्हेवाईकपणाची तिला नवऱ्यामुळे आधीच सवय झाली होती. नवरा मालगाडी चालवायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा. माणूस सोन्यासारखा, पण त्याला काही विचारलं की उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. लग्नाआधी तिने त्याला भीतभीत विचारलं होतं की मी पसंत आहे का. तो गप्प बसला. ती घरी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी हा चार कोस चालत आला, दार वाजवलं, “हो” म्हणाला आणि परत गेला. घरात सगळ्यांना आता ते जमून गेलं होतं. भाजी कोणती करू हे त्याला आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. सासू सगळ्यांना अभिमानाने सांगायच्या, “माझा मुलगा विचार करून बोलतो.”

सून गल्लीच्या टोकाला असलेल्या बुटांच्या कारखान्यात कामाला जायची. कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, तीत बारा टेबलं, प्रत्येक टेबलावर चार बायका आणि मधोमध सोल्युशनचा डबा. बुटाचा तळ चिकटवायचं ते पिवळं, दाट, तार सुटणारं सोल्युशन. डब्याचं झाकण उघडलं की नव्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि महिन्याभराने त्याच बायका म्हणायच्या, वास कसला, इथे वासच नाही. सून काठ लावायची, म्हणजे तळाच्या कडेने सोल्युशनची रेघ ओढायची. ब्रश एकदा बुडवला की डाव्या टाचेपासून उजव्या टाचेपर्यंत एका दमात रेघ, ना थेंब, ना ओघळ. तिने लावलेला तळ मुकादम नमुना म्हणून खिळ्याला टांगून ठेवायचा. घरातली तिची सगळी ऐट त्या खिळ्याला टांगलेली होती.

तिला दिवस गेले आणि सासूने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की ते टेबल सोड. ती म्हणाली, सातव्या महिन्यात सोडते. सासू म्हणाल्या, सातव्यात पोराचं निम्मं काम उरकलेलं असतं. ती म्हणाली, मग टेबलावरच्या बाकीच्या तिघींचं काय, त्यातल्या एकीला माझ्या आधीच सहावा लागलाय. सासूने पिशवी उचलली आणि थेट मालकाकडे गेल्या.

मालक चाळिशीचा, गुबगुबीत, मऊ स्वभावाचा. बाईंना बघितलं की तो खुर्चीतून उठायचा, कारण त्याची थोरली तीन मुलं बाईंनी झोळीत टांगली होती आणि तिसऱ्याच्या वेळी त्याला चारचौघांत झापलं होतं. त्या दिवशी त्याने वही उघडली, पेन काढलं आणि सांगा म्हणाला. बाईंनी सांगितलं की तुझ्या शेडमधल्या बायकांची मुलं हलकी जन्मतात. दुसऱ्या गल्लीतल्या मुलांपेक्षा हलकी, माझ्या वहीत आहे सगळं. उशिरा चालतात, उशिरा बोलतात, थंडीवाऱ्यात पटकन आजारी पडतात. सगळ्यांचं नाही, पण पुष्कळांचं.

“त्रास कशाचा आहे, बाई?” त्याने विचारलं.

“वासाचा,” बाई म्हणाल्या. मग त्या पुढेही बोलल्या, चांगलं पाव तास बोलल्या: छातीत कसं जातं, रक्तात कसं उतरतं, नाळेतून कसं पोचतं. पण मालकाने वहीत मोठ्या अक्षरात ‘वास’ असं लिहिलं होतं आणि त्याच्याभोवती तो गोल काढत बसला होता. माणूस प्रामाणिक होता. बाईंनी जे पहिलं सांगितलं ते मनापासून करायचं त्याने ठरवलं.

आठ दिवसांनी सून कामावर गेली तर शेडमध्ये गुलाब.

मालकाने कुठूनशी अर्काची मोठी बाटली मागवली होती. प्रत्येक डब्यात दोन झाकणं. सोल्युशन तेच, तार तीच, पण झाकण उघडलं की बागेत आल्यासारखं वाटायचं. पुढच्या आठवड्यात लिंबू आलं. सहा टेबलं गुलाबाची, सहा लिंबाची. गुलाबाच्या टेबलावर जागा मिळावी म्हणून बायकांत चढाओढ लागली. लिंबाच्या टेबलावरची एक दुपारच्या सुट्टीत गुलाबाच्या टेबलावर डबा खायला यायची आणि डोळे मिटून घास चावायची. मुकादम, ज्याला सगळे हो-जी म्हणायचे कारण तो मालकापुढे दुसरं काही बोलत नसे, तो शर्टाला दोन थेंब सोल्युशन लावून घरी जायला लागला. त्याची बायको खूश झाली, पण शर्ट बनियनला चिकटला.

गरोदर बायकांचा मान राखायला पाहिजे असं मालकाने ठरवलं. त्या सगळ्या एका टेबलावर, गुलाबाच्या पहिल्या टेबलावर, डब्याला सगळ्यात जवळ. प्रत्येकीला गादी. समोर उभा पंखा, तोही असा लावलेला की वारा डब्यावरून येऊन त्यांच्या तोंडावर यावा, म्हणजे सुवास वाया जायला नको. सुनेला खरोखरच राणीसारखं वाटलं. शेजारी टाचवाली बसायची, म्हणजे जी फक्त टाचा चिकटवायची ती, सहावा लागलेली. ती म्हणाली, “तुझ्या सासूचे उपकार गं बाई. माझ्या सासूने मला आयुष्यात एक फूल दिलं नाही.”

आणि भिंतीवर मालकाने कागद चिकटवला, अर्थात सोल्युशननेच: आधी नाकाला विचारा, मग मला.

बाई पाहायला आल्या. सगळ्या बायका ब्रश थांबवून बघत होत्या. बाई दारात उभ्या राहिल्या, डोळे मिटले, दोन लांब श्वास घेतले. सुनेने सासूचं बोट कधी वर होतंय याची वाट पाहिली. बोट वर झालं नाही. बाईंच्या कपाळाला आठी पडली, मग दुसरी पडली. त्यांनी तिसरा श्वास घेतला, जो त्या कधीच घेत नसत. मग मालकाकडे बघून एवढंच म्हणाल्या की छान आहे, आणि गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नाकाने त्यांना तोंडघशी पाडलं होतं.

त्यानंतरचे दोन महिने सासू घरात गप्प होत्या. सून रोज केसांत गुलाब घेऊन घरी यायची आणि रात्रीच्या जेवणाआधी तिचं डोकं दुखायचं. तिला वाटायचं, ओझं वाढलंय, दुखणारच. डोकं दुखतं हे ती सासूला सांगत नव्हती, आणि सासू विचारत नव्हत्या. दोघी एकमेकींचं नाक टाळत होत्या म्हणा ना.

मग टाचवाली बाळंत झाली, महिनाभर आधीच. बाई झोळी घेऊन गेल्या. काटा एक किलो नऊशेवर थांबला. बाईंनी मूल उतरवलं, काटा हातात घेऊन हलवला, मूल पुन्हा ठेवलं. एक किलो नऊशे. टाचवालीने बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

बाई घरी आल्या आणि त्यांनी काट्याची परीक्षा सुरू केली, ती जवळजवळ दोन आठवडे चालली. स्वयंपाकघराच्या दारात काटा टांगला. साखरेचा किलोचा पुडा: एक किलो. दवाखान्यातून प्रमाणाचं लोखंडी वजन आणलं: बरोबर. दोन विटा. चपलांचा जोड. शेजारणीचं मांजर झोळीत घातलं, चार किलो दोनशे भरलं, आणि शेजारणीला ते खरं वाटेना म्हणून दुसऱ्या दुकानातल्या काट्यावर नेलं, तिथेही चार किलो दोनशे. मांजर त्या दिवसापासून बाईंना बघून वाट बदलायचं. शेवटच्या दिवशी सून कामावरून आली तेव्हा दारात उशी टांगलेली होती आणि सासू स्टुलावर बसून त्या उशीकडे टक लावून बघत होत्या.

“काटा खरा आहे,” सासू म्हणाल्या. “म्हणजे नाक खोटं आहे.”

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. दुपारी दोघी वाळलेले कपडे घडी घालायला बसल्या. सासू म्हणाल्या की उद्यापासून टेबलावर जायचं नाही. सुनेने चादरीचं आपलं टोक हातात धरून ठेवलं.

“तुम्हीच सांगितलंत ना, आई. नाकाला विचार. मी विचारलं. नाक म्हणालं, गुलाब.”

“नाकाला काय कळतंय.”

“हे आता सांगताय? सगळ्या गल्लीला तुमचं वाक्य पाठ आहे. मी उद्या तिथे जाऊन काय सांगू, माझ्या सासूचं नाक फिरलंय?”

सासूने चादरीचं दुसरं टोक खाली ठेवलं. उठल्या, कपाटातून एक जाडजूड वही काढली. तिथे अशा वह्यांचा ढीग होता, पण ही सगळ्यात जुनी होती, कोपरे मऊ झालेली. पहिलं पान उघडून त्यांनी सुनेच्या मांडीवर ठेवलं. पहिल्या ओळीत एकच नोंद होती. मुलगा. एक किलो आठशे पन्नास.

सुनेने तारीख वाचली. मग पुन्हा वाचली. ती तिच्या नवऱ्याच्या जन्माची होती.

सासू सांगायला लागल्या, आणि हळू सांगत होत्या, एखादा जड डबा जिन्यावरून एकेक पायरी उतरवावा तसं. लग्नानंतर दोन वर्षं त्या त्याच शेडमध्ये होत्या. तेव्हा मालकाचा बाप मालक होता. त्याही काठ लावायच्या, रेघ एका दमात. पाचव्या-सहाव्या महिन्यात त्यांना वाटायला लागलं की वास गेला. नाक मेलं होतं, दुसरं काही नाही. रोज तोच वास येत राहिला की नाक कंटाळून सांगायचं सोडून देतं, आणि आपल्याला वाटतं आता काही नाही. मूल हलकं झालं. तीन वर्षं पुरी होऊन गेली तरी बोललं नाही. चौथ्या वर्षी बोलायला लागलं, ते एक दिवस उशिरा.

“हे त्यामुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही,” सासू म्हणाल्या. “कुणीच सांगणार नाही. कदाचित तो तसाच जन्मला असता. पण मला ते कधी कळणार नव्हतं, ना होय, ना नाही, आणि म्हणून मी काटा घेतला. मग वह्या भरत गेल्या तसं कळत गेलं, एकट्याचं नाही पण सगळ्यांचं.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत? तीस वर्षं ‘विचार करून बोलतो’ म्हणत राहिलात.”

“मुलगा चांगला आहे गं. चांगल्या मुलाबद्दल असं म्हणायला जीभ रेटत नाही.”

सुनेने वही मिटली. तिने चादरीची घडी पुरी केली, एकटीनेच, आणि ती वाकडी झाली. जाणार नाही असं ती म्हणाली नाही. जाईन असंही म्हणाली नाही. नवऱ्याची लागण झाली होती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी ती गेली. त्या दिवशी न जाणं शक्यच नव्हतं, कारण कारखान्यात समारंभ होता. भिंतीवरचा कागद काढून मालकाने रंगाऱ्याकडून मोठा फलक करून घेतला होता, गुलाबी पाटीवर पांढरी अक्षरं, वाक्य तेच, खाली ‘वजनबाई’. वरच्या कचेरीतून तपासनीस आला होता. त्याच्याजवळ तपासणीचा फॉर्म होता आणि फॉर्मात एक चौकट होती: दुर्गंधी आहे / नाही. तपासनिसाला चार दिवस सर्दी होती. त्याने फलक वाचला, रुमाल काढला, नाक शिंकरलं, नाकाला विचारलं, आणि ‘नाही’वर खूण केली. शेजारी, कुणी सांगितलं नसताना, ‘उलट प्रसन्न’ असंही लिहिलं.

फलकाचं उद्घाटन बाईंच्याच हस्ते होतं. बाई पिशवीसकट आल्या. त्यांच्या मागून टाचवाली, मूल छातीशी धरून. मालकाने फीत पुढे केली. बाईंनी फीत कापली, फलकावरचा कपडा ओढला, टाळ्या वाजल्या. मग त्या स्टुलावर चढल्या. लोकांना वाटलं भाषण. बाईंनी पिशवीतून काटा काढला आणि फलक ज्या खिळ्याला टांगला होता त्याच खिळ्याला अडकवला. झोळी लावली. टाचवालीने मूल झोळीत ठेवलं. काटा हलला, थांबला, फलकाच्या मधोमध, ‘नाकाला’ या शब्दाच्या थोडं खाली.

“दोन किलो साठ,” बाई म्हणाल्या. “पंधरा दिवसांचं आहे. वाच रे मालका, तुझ्या पाटीवरच आहे.”

मालकाने वाचलं. मग तो दबक्या आवाजात म्हणाला की बाई, यात वासाचा काय संबंध, वास तर गेला. बाई म्हणाल्या, वास गेला, सोल्युशन गेलं का? ते डब्यातच आहे, हवेत आहे, बायकांच्या छातीत आहे. तू गुलाब घातलास आणि पहारेकरी काढून टाकलास. माझं वाक्य चुकीचं आहे, ते पुसून टाक.

हो-जी मुकादम पुढे झाला. तो नुसता हो म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला पहिल्यांदाच नाही म्हणायची संधी मिळाली होती आणि त्याने ती सोडली नाही. तो म्हणाला की फलक वजनबाईंच्या नावाचा आहे, तपासनिसांनी मंजूर केलेला आहे, आणि वजनबाईंच्या वाक्याविरुद्ध बोलायला इथे कुणालाही परवानगी नाही.

“मीच वजनबाई आहे,” बाई म्हणाल्या.

“तरीसुद्धा,” मुकादम म्हणाला.

तपासनिसानेही मान हलवली. फॉर्म भरून झाला होता, त्यात खाडाखोड चालत नसे. शेडमधल्या चाळीस-पन्नास माणसांनी एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि सुनेला स्पष्ट दिसलं की बहुतेकांना फलक जास्त खरा वाटतोय. फलक नवा होता, गुलाबी होता. बाई जुन्या होत्या, स्टुलावर थोड्या डगमगत होत्या.

“काय करू मग मी, बाई?” मालकाने कळवळून विचारलं. “गरोदर बायकांना कुठे बसवू, टेबलं कुठे नेऊ, मला काही समजेना.”

“पलीकडे खोकी भरायच्या खोलीत बसव. टेबलं अंगणात, वाऱ्यावर ने. आणि आमचा वास परत दे.”

“घाण वास?”

“तोच. निदान सांगतो तरी.”

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. वास परत मागणारी बाई कुणी पाहिली नव्हती. सुनेच्या कानशिलात रोजची कळ उठली, रोजच्यापेक्षा जरा लवकर. समोर पंखा फिरत होता, गुलाब तिच्या तोंडावर येऊन आदळत होता. त्याच खिळ्यावर, काट्याच्या मागे, तिने लावलेला नमुन्याचा तळ अर्धा झाकला गेला होता. तिने ब्रश डब्यात ठेवला. तो तसा ठेवला की सुकून दगड होतो हे तिला चांगलं माहीत होतं, बाकीच्या बायकांनाही माहीत होतं, आणि म्हणून हसणं थांबलं. ती उठली, गादी काखोटीला मारली, पंख्यापाशी गेली आणि पंखा खिडकीकडे फिरवला. तपासनिसाचा फॉर्म हवेत उडाला, खिडकीतून बाहेर गेला आणि अंगणात वाळत घातलेल्या बुटांपैकी एकाच्या ओल्या तळाला जाऊन बसला. चिकटला तो चिकटलाच. सोल्युशन चांगल्या प्रतीचं होतं, याबद्दल कधीच कुणाचं दुमत नव्हतं.

सून गादी घेऊन खोक्यांच्या खोलीत जाऊन बसली. तिच्या मागून टेबलावरच्या दोघी गेल्या. त्यांच्या मागून लिंबाच्या टेबलावरची ती डोळे मिटून जेवणारी, जिला दिवस गेल्याचं अजून घरीही कुणाला माहीत नव्हतं.

मालकाने टेबलं अंगणात नेली, पण महिना लावला. पहिल्या दिवशी मूळ वास परत आला तेव्हा दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुकादमाने ते समारंभपूर्वक वहीत नोंदवलं. नव्या फॉर्मासाठी तपासनीस पुन्हा आला, यावेळी सर्दी नसलेला, आणि दारातूनच मागे फिरून ‘आहे’वर खूण करून गेला. फलक मात्र टाकवेना. रंगाऱ्याने खाली एक ओळ वाढवून दिली: नाक हो म्हणालं तरी काट्याला विचारा. बाईंना ती ओळ आवडली नाही. फार लांब आहे, त्या म्हणाल्या, पोरांच्या तोंडी बसणार नाही.

सुनेला मुलगी झाली. दिवस भरून. बाईंनी नातीचं वजन करायला साफ नकार दिला, माझा हात वर ओढला जाईल म्हणाल्या, आणि दवाखान्यातल्या दुसऱ्या नर्सला बोलावलं. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“दोन किलो नऊशे.”

बाईंनी तसंच, भिंतीकडे बघत, पुन्हा कर म्हणून सांगितलं. दोन किलो नऊशे. मग त्या वळल्या आणि नातीला न घेता आधी वही घेतली. टाचवालीच्या मुलाचं वजनही त्यांनी त्याच सकाळी लिहिलं होतं. हळूहळू चढत होतं, पण मान धरायला त्याला वेळ लागत होता. दोन्ही आकडे एकाच पानावर आले.

बाईंचा मुलगा त्या दिवशी गाडीवरून आलेला होता. संध्याकाळी बाईंनी त्याला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं, शेड, काठ, पहिल्या पानावरची नोंद. सून आतल्या खोलीत मुलीला पाजत ऐकत होती. शेवटी सासूंनी विचारलं, “माझा राग आलाय का तुला?”

तो काही बोलला नाही. बोलणार नव्हताच.

सकाळी बाई नेहमीसारख्या निघाल्या. नदीपलीकडच्या वस्तीत पिशव्या छापायचा नवा कारखाना उघडला होता आणि तिथल्या बायका म्हणत होत्या की शाईला काहीच वास नाही. बाईंनी काटा पिशवीत टाकला. उंबऱ्यावर सवयीने थांबल्या, डोळे मिटले, मग स्वतःशीच हसून उघडले आणि चालू लागल्या.

सून मुलीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती, शेजारी नवरा. बाई सुताराच्या घरापुढून गेल्या, जिथे पाळणा उभा होता तिथे आता काही नव्हतं तरी त्यांनी नकळत वळसा घातला. मास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. शेजारणीचं मांजर भिंतीवर चढलं. बाई कोपऱ्यापर्यंत पोचल्या तेव्हा नवऱ्याने तोंड उघडलं.

“नाही, आई,” तो म्हणाला.

एवढ्या लांबून ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण सुनेने पाहिलं, सासूची पिशवी खांद्यावरून घसरली होती, ती त्यांनी न थांबता वर ओढली, आणि त्या कोपऱ्यावरून वळल्या.